कोपराला गूळ

मिळणारच नाही अशा गोष्टीचं आमिष कुणी दाखवलं की आपण म्हणतो, कोपराला गूळ लावला. जीभ कितीही लांब काढा, तिथवर पोचत नाही. अमेरिकेत मात्र दर मार्चमध्ये लाखो नोकरदार, एरवी पैन्‌पैचा हिशेब ठेवणारी माणसं जीभ बाहेर काढून बसतात. बरं, कोपर स्वतःचं नसतं. ते असतं चाळिशीला टेकलेल्या एखाद्या पिचरचं, आणि त्यावर टाक्यांची खूण असते. या प्रकाराला फॅन्टसी बेसबॉल म्हणतात.

मी यात ओढला गेलो तो न्यू जर्सीतल्या भाच्यामुळे. ब्रिजला चौथा कमी पडला की शेजारच्याला झोपेतून उठवून आणतात, तसं. त्यांच्या लीगमध्ये अकरा जण होते, बारावा मिळेना. "मामा, तू नुसतं नाव दे, बाकी मी बघतो." प्रत्येकाला लुटुपुटीचे २६० डॉलर, त्यात २३ खेळाडू घ्यायचे. लिलाव संपत आला तेव्हा माझ्याकडे एक डॉलर उरला होता आणि यादीत एकच ओळखीचं नाव: जस्टिन व्हरलँडर. वय ४२. मी बोली लावली. कुणी दोन डॉलर म्हणेना. तेवढ्यात पडद्यावर अकरा हसरे चेहरे उमटले, इमोजीचे.

हा छंद १९८० साली न्यूयॉर्कमध्ये जन्मला. डॅनियल ओक्रेंट हे लेखक-संपादक आणि त्यांचे मित्र ज्या फ्रेंच खानावळीत जेवायला जमत, तिच्या नावावरून ‘रोटिसरी लीग’ हे नाव पडलं. रोटिसरी म्हणजे सळईत खोवून कोंबडी गोलगोल फिरवत भाजतात ती जागा. खेळाचं इतकं खरं नाव मी दुसरं ऐकलेलं नाही. स्वतः ओक्रेंटना ती लीग कधीच जिंकता आली नाही, हेही खरंच.

नियम सोपा. खऱ्या खेळाडूंनी खऱ्या मैदानावर घाम गाळायचा आणि त्यांचे आकडे आपल्या खात्यात पडायचे. उंटावरून शेळ्या हाकणं हेच, फक्त इथल्या शेळ्या कोट्यधीश असतात. आपल्याला हे नवं नाही. मुंबईच्या ड्रीम११ने ‘टीम लावणं’ हे क्रियापद मराठीला दिलंच होतं. ऑगस्ट २०२५मध्ये केंद्राने कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले आणि गल्लोगल्लीचे निवडसमिती अध्यक्ष एका रात्रीत बेकार झाले. भाच्याच्या लीगमध्ये पैसे नव्हते, फक्त अब्रू होती. ती मी एका डॉलरला घालवली होती.

बैलबाजारात व्यापारी दात बघतो, खूर बघतो, चार पावलं चालवून बघतो, मग रुमालाखाली बोटं धरून सौदा करतो. फॅन्टसीच्या बाजारात दातांऐवजी एमआरआय. पिचरच्या कोपराखालच्या हातात ‘जरा ताठरपणा’ आहे, एवढी बातमी आली की भाव कोसळतो. मग तो साठ फुटांवरून हलकेच चेंडू फेकतो, बाजार डोळे किलकिले करतो. नव्वद फूट, एकशेवीस फूट. माउंडवरून, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावरून, पहिली फेक. मग खोटा सामना, मग धाकट्या लीगमध्ये एखादा खरा. प्रत्येक पायरीवर वेगाचा आकडा बाहेर येतो आणि ओहायोतला कुणी हिशेबनीस ऑफिसच्या संडासात बसून ठरवतो की ‘याचा खांदा मोकळा झालेला दिसतोय’. घरी बायकोचा खांदा सहा महिने आखडलाय, त्याची यांना कुणकुण नाही.

या साऱ्या गुळाची ढेप पहिल्यांदा फुटली ती २५ सप्टेंबर १९७४ रोजी. लॉस एंजेलिस डॉजर्सचा डावखुरा पिचर टॉमी जॉन, वय ३१, कोपराचा आतल्या बाजूचा अस्थिबंध तुटलेला. तोवर याचा अर्थ एकच होता: घरी जा. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातला एक स्नायूबंध काढला आणि डाव्या कोपरात, हाडाला भोकं पाडून, दोरीसारखा ओवला. परत खेळण्याची शक्यता त्यांनी सांगितली शंभरात एक. (अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवून मनगट जरा वाकवा. मधोमध दोरी उठून दिसली, तर तो सुटा भाग तुमच्याकडेही आहे. काहींना तो नसतोच, आणि त्यांचं त्यावाचून काही अडत नाही.) जॉनचं १९७५ साल पूर्ण गेलं. १९७६ला तो परतला आणि वयाच्या ४६व्या वर्षापर्यंत खेळत राहिला. त्याच्या एकूण २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे. शस्त्रक्रिया केली जोबनी, ती ओळखली जाते टॉमी जॉनच्या नावाने. गवंड्याचं नाव घरावर कधी लागतं?

आता आमचा एक डॉलरवाला. २४ जुलै २०२०, करोनाने कुरतडलेला मोसम. व्हरलँडर पहिल्याच सामन्यात सहा इनिंग टाकतो आणि मग त्याचा हात बोलायला लागतो. सप्टेंबरअखेर तीच शस्त्रक्रिया. वय ३७. पुढचं अख्खं २०२१ बिनखेळाचं. टॉमी जॉन परतला तेव्हा तेहतिशीला पोचायचा होता. हा परतणार तो एकोणचाळिशीत. शहाण्या लोकांनी यादीतून नाव खोडलं. आणि २०२२मध्ये या माणसाने १८ विजय, ४ पराभव, नऊ इनिंगमागे १.७५ धावा असा मोसम काढला. सर्वोत्तम पिचरच्या साय यंग पुरस्काराच्या मतदानात एकही मत फुटलं नाही. वर त्याच्या ह्यूस्टन संघाला जगज्जेतेपद, आणि वर्ल्ड सिरीजमधला स्वतःचा पहिला विजय, जो तोवर त्याला कधीच मिळाला नव्हता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभच नवा घातला होता.

घात झाला तो इथे. तेव्हापासून जो तो पिकल्या पिचरच्या कोपराकडे बघून म्हणतो, ‘व्हरलँडर आठवतोय ना?’ एका आंब्याने आख्खी अढी पिकवली. सगळ्यात आधी भुलले ते पगार देणारेच. न्यूयॉर्क मेट्सनी त्याला दोन वर्षांसाठी आठ कोटी सहासष्ट लाख डॉलर देऊ केले. २०२३चा मोसम ज्या दिवशी सुरू झाला, त्याच दिवशी तो जायबंदी यादीत. कोपर ठणठणीत होतं. दुखावला होता काखेमागचा स्नायू. मेट्सचे डॉक्टर गावभर कोपर शोधत होते, कळसा काखेत निघाला. ऑगस्ट उजाडताच मेट्सनी पदरचे पैसे घालून त्याला ह्यूस्टनला परत पाठवलं.

त्या ‘जायबंदी यादी’चीही एक गंमत आहे. २०१९पूर्वी इंग्रजीत तिला ‘अपंगांची यादी’ अशा अर्थाचं नाव होतं. मग शिष्टाचार आला, शब्द बदलला, खाटा त्याच राहिल्या. फॅन्टसीच्या अ‍ॅपमध्ये या यादीतल्यांसाठी वेगळा कप्पा असतो. त्यात ठेवलेला खेळाडू तुमची जागा अडवत नाही. मोठ्या घरांत आजोबांसाठी मागची खोली असते ना, तसा. चौकशी करायची, पण मोजायचं नाही.

२०२४मध्ये आधी खांदा, मग मान. नऊ इनिंगमागे ५.४८ धावा. ह्यूस्टनने बाद फेरीच्या संघातही त्याला घेतलं नाही. मग दीड कोटी डॉलरवर सॅन फ्रान्सिस्को जायंट्स, आणि एका डॉलरवर मी.

आता क्रिकेटवाल्या वाचकासाठी थोडं थांबतो, कारण पुढची सगळी चिडचीड यावर उभी आहे. बेसबॉलमध्ये ‘विजय’ संघाला मिळतो तसा एका पिचरच्या नावावरही लिहिला जातो. सुरुवात करणाऱ्या पिचरने किमान पाच इनिंग टाकायच्या, तो बाहेर जाताना संघ पुढे असायला हवा आणि मागून येणाऱ्यांनी ती आघाडी सांभाळायला हवी. म्हणजे झहीर खानने पाच बळी घेतले, पण आपल्या फलंदाजांनी शेपूट घातली, की झहीरच्या खात्यात ‘पराभव’. बेसबॉलमधल्या जाणत्यांनी या आकड्याला कधीचे हात जोडलेत, तेही कोपरापासून. पण फॅन्टसीत तो ओक्रेंटच्या खानावळीपासून चिकटून आहे. पिंपळावरचा मुंजा. घर बदललं, झाड बदललं, हा हलत नाही.

२०२५च्या पहिल्या १६ सामन्यांत व्हरलँडरच्या नावावर शून्य विजय आणि आठ पराभव. मध्येच छातीचा स्नायू दुखावला, महिनाभर मागच्या खोलीत. परत आला, बरं टाकू लागला. हा चांगलं टाकायचा तेव्हा जायंट्सच्या बॅटी मौनात जायच्या. आणि बॅटी बोलायच्या तेव्हा मागून आलेला कुणी आघाडी उधळायचा. आदल्या वर्षी चणे होते तर दात नव्हते. आता दात आले तर चणे गायब.

भाचा दर रविवारी फोन करायचा. "मामा, सोड त्याला. जागा अडवून बसलाय."

"अरे, वाईट टाकत नाहीये तो."

"वाईट-चांगलं कोण विचारतंय? विजय शून्य आहेत."

मी हट्टाने ठेवला. वय झालेल्या माणसाला जागा अडवण्यावरून हाकलणं मला आताशा सोसत नाही, त्याची कारणं वैयक्तिक आहेत. पण जुलैत माझीही हिंमत गेली. सोडला नाही, नुसता बाकावर बसवला. बाकावरच्या खेळाडूचे आकडे धरत नाहीत. २३ जुलैला अटलांटात त्याने पाच इनिंगमध्ये एकही धाव दिली नाही आणि सतराव्या खेपेला मोसमातला पहिला विजय मिळवला. माझ्या खात्यात शून्य. सहकारी त्याला मिठ्या मारत होते आणि मी अ‍ॅपचं बटण दाबून बघत होतो, काही मागे नेता येतं का.

मोसमाअखेर ४ विजय, ११ पराभव, नऊ इनिंगमागे ३.८५ धावा. कारकिर्दीत एकूण २६६. त्याला ३०० गाठायचे आहेत, हे तो लपवत नाही. आधी तिथवर पोचलेला शेवटचा पिचर रँडी जॉन्सन, तोही जायंट्सकडूनच, २००९मध्ये. चौतीस विजय बाकी, वर्षाला चार. त्रैराशिक तुम्हीच मांडा. मी मांडलं आणि पुसून टाकलं.

त्याच मोसमात डॉजर्सकडे क्लेटन कर्शॉ होता. वय ३७. २०२३च्या नोव्हेंबरात खांद्याची शस्त्रक्रिया, २०२४च्या नोव्हेंबरात गुडघा आणि पाऊल. काही लोक नोव्हेंबरात माथेरानला जातात. मे महिन्यात तो परतला तेव्हा त्याचा फास्टबॉल ताशी ८९ मैलांच्या आसपास रेंगाळत होता. म्हणजे १४३ किलोमीटर. या वेगाला आपल्याकडे भारताची टोपी मिळते, तिकडे पेन्शनची कागदपत्रं. बाजाराने नाक मुरडलं. कर्शॉने ११ विजय आणि २ पराभव असा हिशेब दिला, कारण त्याच्या पाठीमागे डॉजर्सची फलंदाजी होती. सुखवस्तू सासर. सप्टेंबरात त्याने निवृत्ती जाहीर केली आणि बाजाराने ताबडतोब त्याचं पुढच्या वर्षीचं मोल लिहून टाकलं: काही नाही.

सप्टेंबर संपला की फॅन्टसीचं दुकानही बंद होतं. खरा बेसबॉल मात्र तेव्हाच उकळायला लागतो. वर्ल्ड सिरीजच्या सातव्या, शेवटच्या सामन्यात डॉजर्सविरुद्ध टोरंटोने चेंडू दिला तो मॅक्स शर्झरच्या हातात. वय ४१, एक डोळा निळा, एक तपकिरी. मार्चमधल्या पहिल्याच सामन्यात त्याच्या अंगठ्याने दगा दिला होता, नऊ इनिंगमागे पाचांच्या वर धावा गेल्या होत्या, आमच्या लीगमध्ये त्याला कुत्रं विचारत नव्हतं. त्याने चारांच्या वर इनिंग टाकल्या आणि एक धाव दिली. गुण: शून्य. दुकान बंद.

पण माझ्या डोक्यातून जात नाही तो त्याच सिरीजमधला तिसरा सामना. तिकडे २७ ऑक्टोबरची रात्र, इकडे २८ची सकाळ. बारावी इनिंग, बरोबरी, तिन्ही बेस भरलेले, दोन गडी बाद. एक चूक आणि टोरंटो पुढे. दार उघडतं आणि कर्शॉ धावत माउंडकडे येतो. हा सामना पुढे अठराव्या इनिंगपर्यंत ताणला जाणार आहे आणि डॉजर्सचा फ्रेडी फ्रीमन होम रनने तो मिटवणार आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक नाही. हा कर्शॉच्या कारकिर्दीतला शेवटचा फलंदाज आहे, हेही नाही. चेंडूमागून चेंडू. शेवटी बॅटला लागून एक सरपटत निघतो, सहकारी एडमन तो पकडून पहिल्या बेसकडे लोटतो, बाद.

मी ऑफिसात ओरडलो. आसपासच्यांना वाटलं, पगारवाढीचं पत्र आलं. जिन्यात जाऊन भाच्याला फोन लावला. तिकडे मध्यरात्र उलटलेली, तो जागाच होता.

"बघितलंस?"

"बघितलं. पण मामा, कर्शॉ तुझ्या टीममध्ये कधी होता?"

"नव्हता."

"मग?"

"मग काही नाही. झोप तू."