डोळ्याला कळणार नाही ते कापा

जेपेग हा मुरलेला कारकून. १९९२ साली प्रमाणित झाल्यापासून तो फोटोचे ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतो आणि डोळ्याला जाणवणार नाही ते बिनबोभाट गाळतो. माणसाला उजेड-सावलीतला फरक चटकन कळतो, रंगातला तितकासा नाही. म्हणून रंगाच्या माहितीवर कात्री आधी. यामागचं गणित नासिर अहमद या बंगळूरच्या गृहस्थांनी दोन सहकाऱ्यांसह १९७४ साली प्रसिद्ध केलं. (नाव कुणाला ठाऊक? तेही गाळण्यात गेलं असावं.)

आमच्या भाचेबुवांना मात्र ही काटकसर मंजूर नाही. ‘मामा, फोटो काढायचा तर रॉमध्येच!’ म्हणजे २४ मेगापिक्सेल, १४ बिट, न दाबलेला. एकेक फोटो ४२ एमबीचा. मुलीच्या बारशाचे असे नऊशे काढले. कार्डं भरली, हार्ड डिस्क आली, तीही भरली, मग दुसरी. नातेवाइकांना पाठवले ते शेवटी मोबाइलवरूनच, पार चुरगळून. पाळण्यावरचं तोरण त्यात चौकटीच्या लुगड्यासारखं दिसतं.

बाकीचे ‘सावकाश एडिट करून’ मिळणार आहेत. मुलगी यंदा पहिलीत गेली.