व्याह्यांकडे न लागणारी डीव्हीडी

लग्न मुहूर्तावर लागतं. लग्नाची डीव्हीडी मात्र लागेलच असं नाही. आपल्या संगणकावर ती बिनतक्रार चालते आणि व्याह्यांचा प्लेअर म्हणतो, ‘नो डिस्क’! मग घरगुती उपचार सुरू होतात. कुणी तबकडीवर हाऽऽ करून ती बनियनला पुसतं, कुणी प्लेअरच्या पाठीत धपाटा घालतं.

दुखणं निराळंच असतं. बाजारातल्या तबकडीवर साच्याने दाबून खळगे पाडलेले असतात. घरच्या तबकडीवर लेझरने रंगाच्या थरात उमटवलेल्या नुसत्या खुणा. त्यावरून प्रकाश कमी परततो आणि जुन्या प्लेअरची नजर आधीच अधू! त्यात कोऱ्या तबकड्यांच्या दोन जाती: १९९७ची डीव्हीडी-आर आणि २००२ची डीव्हीडी+आर. भाऊबंदकी कंपन्यांची, हेलपाटे आपल्याला.

उपाय आहेत. तबकडी ‘फायनलाइज’ करा, म्हणजे लिहून झाल्यावर तिला शेवटचा शिक्का मारा. तेवढंच नेमकं राहून जातं. १६ एक्सची घाई सोडून ४ किंवा ८ एक्सने लिहा. व्हिडिओची फाइल नुसती ढकलू नका, डीव्हीडी-व्हिडिओच्या रीतीने बसवा. वधूवरांचा फोटो छापलेलं कागदी लेबल चिकटवू नका. तबकडी फिरताना झोक जातो.

एवढं करूनही ती अडलीच, तर फार मनाला लावून घेऊ नये. तीन तासांची लग्नाची डीव्हीडी शेवटपर्यंत पाहिलेला पाहुणा अजून कुणाच्या पाहण्यात नाही. व्याह्यांचा प्लेअर बिघडलेला नसेलही. कदाचित तो फक्त मालकाशी इमान राखत असेल.