कानाला कान

घोड्यांच्या फोटोंचा धंदा काढला तेव्हा वाटलं होतं, भारी लेन्स लागेल. लागलं पंचांग. वैशाखात लग्नतिथी, कार्तिकी पौर्णिमेला पुष्कर, मार्गशीर्ष पौर्णिमेला सारंगखेडा. इतक्या पौर्णिमा सत्यनारायण सांगणारे गुरुजीच पाळत असतील.

पहिलं गिऱ्हाईक माथेरानचं. तिथे मोटारींना बंदी, म्हणून दस्तुरी नाक्यापुढे घोड्यांची चलती. घोडेवाल्याचा 'राजा' पांढराशुभ्र. पण तिथल्या तांबड्या धुळीत दुपारपर्यंत बदामी होई. "फोटोत पांढराच पाहिजे." केला. आता पर्यटक फोटो बघून येतात आणि राजाच्या पाठीवर बसूनच विचारतात, "तो फोटोतला घोडा कुठाय?"

वैशाखात वराती. नवरदेवाचे फोटो दुसरा काढायचा, मी घोडीचे. बँड कानाशी वाजत असताना घोडी ढिम्म आणि बिथरलेला नवरदेव, हे दृश्य इतक्यांदा टिपलं की अल्बम वेगळे ओळखू येईनात. पैशांचं मात्र वरातीमागून घोडं. पावसाळ्यात सगळे घोडे तबेल्यात, मी घरी. चारा दोघांनाही बसूनच, मला ऐकवून.

खरा बाजार सारंगखेड्याचा. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी, एकमुखी दत्ताच्या यात्रेत. पंचकल्याणी, अबलख, नुकरा, हरतऱ्हेचे घोडे. दात बघून वय, भोवरे बघून नशीब. मानेवर देवमण भोवरा असला की किंमत लगेच वर चढते. मी मात्र बघायचो कान. मारवाडी घोड्याचे कान आत वळलेले, टवकारले की टोकाला टोक लागतं. मालकाला फोटोत तेवढं एकच हवं असतं.

"कानाला कान लागला पाहिजे, भाऊ."

घोड्याचं त्याबाबत काही म्हणणं नसतं. मग माझा पोऱ्या वेफर्सचं पाकीट चुरचुरवतो. घोडा ढुंकून बघत नाही. आजूबाजूची चार पोरं हात पुढे करून येतात. शेवटी कुणीतरी छत्री उघडतं. कान टवकारतात, पण तोवर घोडा चौकटीबाहेर गेलेला असतो.

त्यात अंतराचा वाद. जवळून काढला तर डोकं हंड्याएवढं दिसतं आणि पाय काडीसारखे, म्हणून मी लांब लेन्स लावून मागे सरकतो. घोड्याचे मालक आप्पा दुखावतात. "अहो, चावत नाही तो!" मधल्या मोकळ्या जागेत तेवढ्यात यात्रा भरते. एकजण लेन्ससमोर उभा राहून मलाच सांगतो, "हाऊ घोडा भारी शे!" साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये म्हणतात. मला दोन्ही करावं लागतं, कारण आप्पा लगाम सोडत नाहीत. आणि घोड्याला तर थेट पाठीमागचं दिसतच नाही.

दौडीचा फोटो तर आप्पांनी परतच केला. चारही पाय पोटाखाली दुमडलेले, घोडा अधांतरी. "हा तर पडतोय!" मी सांगितलं, १८७८ साली कॅलिफोर्नियात मायब्रिज नावाच्या गृहस्थाने ओळीने कॅमेरे लावून सिद्ध केलंय की दौडताना घोडा जमीन सोडतो तो नेमका असा पाय गोळा करून; पुढचे पुढे, मागचे मागे ताणून उडणारे घोडे चित्रकारांच्या मनातले. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"त्याचा घोडा अमेरिकन. आपला कॅलेंडरातल्या चेतकासारखा काढा."

मग घोडा दोन पायांवर उभा केला, शेजारी आप्पा फेटा बांधून. छापून घेतलेल्या फोटोत आप्पा पूर्ण आहेत, घोडा खांद्यापर्यंत. ते बेहद्द खूश.

वर्ष संपलं ते पौष पौर्णिमेला, जेजुरीत. वर गडावर देव घोड्यावर, खाली बाजार गाढवांचा. दुवान, चौवान असे दात मोजत सौदे चाललेले. सहज एका गाढवासमोर कॅमेरा धरला. चारही पाय वेगळे, मान सरळ, कान उभे, पापणीसुद्धा हलली नाही. मालकाने फोटो पाहिला, कनवटीची नोट काढली आणि घासाघीस न करता हातावर ठेवली.

बाजार बघायला आलेला एक घोडेवाला मागे उभा होता. तो पुढे आला.

"गाढवाला जो रेट, तोच मला लावणार का?"