काखेतली छडी

निवृत्त जनरल राजकारणात उतरले की काय काय होतं, हे वाचकांना पाठ आहे. गळ्यात पक्षाचा गमछा, 'देशसेवेची दुसरी इनिंग' हे वाक्य, आणि शेजारी उभा राहून मोबाइल चाळणारा जिल्हाध्यक्ष. यातलं काहीच मला खटकत नाही. खटकते ती छडी. साहेबांच्या डाव्या काखेतली, पितळी टोपणाची, दीडेक हात लांब.

(कोणते साहेब, असं विचारू नका. नमुना एकच आहे.)

काखेत छडी धरायची तर कोपर बरगडीला चिकटवून ठेवावं लागतं. पलटणीत ते जमून जातं, कारण तिथे उजव्या हाताला सलामी घेण्यापलीकडे फारसं काम नसतं. प्रचारात मात्र पंचाईत होते. इथे दोन्ही हात जोडावे लागतात, तेही छातीशी नव्हे, कपाळापर्यंत. शिवाय हार घ्यायचा, तो काढून मागच्याकडे द्यायचा, म्हाताऱ्या आजीच्या पाया पडायचं, कुणाचं तरी शेंबडं पोर कडेवर घ्यायचं. भोसरीच्या मंडईत साहेबांनी हात जोडले आणि छडी सुटून कोथिंबिरीच्या जुड्यांत पडली. वाकावं तर जनरल चारचौघांत वाकले असं होतं, न वाकावं तर मग उमेदवारी मागितली कशाला? साहेब ताठ उभेच. शेवटी भाजीवालीने ती उचलली, पदराने पुसली आणि म्हणाली, "घ्या दादा, काठी पडली तुमची." अख्ख्या नोकरीत साहेबांना कुणी दादा म्हटलं नव्हतं, आणि छडीला काठी तर नाहीच नाही.

पक्षाने त्यावर तोडगा काढला. छडी सांभाळायला दिघीचा एक कार्यकर्ता नेमला. दुसऱ्याच दिवशी त्याचा फ्लेक्स लागला: 'छडीप्रमुखपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', खाली काळ्या चष्म्यातले वीसेक शुभेच्छुक आणि कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढे साहेब. आठवडाभरात उपछडीप्रमुख झाले, मग कार्याध्यक्ष झाले, मग छडीच्या कार्यकारिणीत महिलांना स्थान नाही म्हणून महिला आघाडी रुसली. साहेबांना भेटायचं तर आधी छडीप्रमुखाला भेटावं लागू लागलं. सोसायटीचा टँकर, नळाचं कनेक्शन, पोराला कंपनीत चिकटवणं, सगळी निवेदनं त्याच्याकडे. तो कागदावर छडीचं टोक टेकवतो आणि म्हणतो, "झालं समजा." परवा त्याने वाढदिवसाचा केकही छडीनेच कापला. साहेब शेजारी उभे राहून टाळ्या वाजवत होते; हात मोकळे होते ना!

महाळुंग्याच्या सभेत साहेबांनी जाहीर केलं की चाकणची कोंडी 72 तासांत फोडतो. (लष्करी माणसाला कोणतंही काम 72 तासांहून जास्त लागत नाही, पक्षात जागा मिळणं सोडून.) टाळ्या पडल्या. परतताना साहेब तळेगाव चौकात अडकले. पुणे-नाशिक महामार्ग उभा, तळेगाव-शिक्रापूर रस्ता आडवा, मध्ये कंटेनर, सेकंड शिफ्टच्या बस, आणि कोऱ्या गाड्या लादलेला तो लांबलचक ट्रेलर, ज्याला वळायला चौक पुरत नाही. साहेबांनी नकाशा मागवला. नकाशात रस्ता मोकळा होता. अखेर छडीप्रमुख खाली उतरला, छडी उगारली आणि ट्रेलरवाल्याचा आईबहिणीवरून उद्धार केला. ट्रेलर हातभर सरकला. मागच्या गाडीतल्या सद्गृहस्थांनी त्याचा व्हिडिओ काढला आणि 'याला म्हणतात लष्करी शिस्त' असं लिहून ग्रुपवर टाकला.

हे सद्गृहस्थ मला ठाऊक आहेत. 'देश दोन वर्षं मिलिटरीच्या ताब्यात द्या' असं म्हणणारा एकेक जण प्रत्येक सोसायटीत असतो, पिंपळे सौदागरात तर प्रत्येक मजल्यावर. याला शिस्त हवी ती रिक्षावाल्याला, पथारीवाल्याला, युनियनवाल्याला. स्वतः मात्र उलट्या दिशेने गाडी घालणार, कारण यू-टर्न लांब पडतो. आणि खुद्द लष्कराची शिस्त काय सांगते? वर्दीत असताना जवानाला राजकीय सभेत भाग घेता येत नाही. आर्मी रूल्स, 1954 मधला 20 वा नियम त्यासाठीच आहे. निवृत्तीनंतर पहिल्या वर्षात बड्या अधिकाऱ्याला खासगी कंपनीत नोकरी धरायची तर सरकारची परवानगी लागते. म्हणजे चाकणच्या कारखान्यात सल्लागार व्हायला अर्ज, आणि देशाचे कायदे करायला नुसता गमछा. प्रचारात जवानांचे फोटो वापरू नका, असं पक्षांना 2013 साली बजावून झालं, 2019 च्या निवडणुकीआधी पुन्हा बजावून झालं. ठीक आहे, फोटो नको. अख्खा जनरलच व्यासपीठावर बसवू!

आणि सुभेदार? तोही निवृत्तच आहे. निघोज्याला कुठल्याही कारखान्याच्या गेटवर बघा. एजन्सीचा निळा शर्ट, खांद्यावर दोरी, बारा तासांची ड्यूटी. येणाऱ्या ट्रकचा नंबर लिहायचा, कामगारांच्या पिशव्या तपासायच्या, आणि मॅनेजरची गाडी आली की बूट आपटून सॅल्यूट ठोकायचा. साधा जवान चाळिशीच्या आतबाहेर घरी येतो, पोरं शाळेत असतात, पेन्शन पुरत नाही, म्हणून येतो तो इथे. त्याच्याही हातात दांडा असतो म्हणा. त्याच्या टोकाला ट्रकखाली बघायचा आरसा असतो. त्याला तिकीट द्यावं, असं कधी कुणाला सुचलं? 2022 पासून तर त्याच्या पोराला चारच वर्षं भरती. चारांतला फार तर एक पुढे ठेवणार, बाकीच्यांना रामराम. चाकणला हे समजावून सांगावं लागलं नाही. इथे ट्रेनी भरायचे, मुदत संपली की ब्रेक द्यायचा आणि नवे भरायचे, हे रोजचंच आहे. साहेब मात्र टीव्हीवर तासतासभर याचे फायदे सांगतात. साहेबांची पेन्शन परमनंट आहे.

तिकीट अखेर भंगाराचा ठेका असलेल्या एका समाजसेवकाला गेलं. साहेबांकडे मेडलं होती, त्याच्याकडे बूथ होते. साहेबांना माजी सैनिक आघाडीचं अध्यक्षपद मिळालं आणि पहिली कामगिरीही: समारोपाच्या सभेला पाचशे माजी सैनिक आणायचे, मेडल लावून, पुढच्या रांगांत बसवायचे. फोन सिक्युरिटी एजन्सीला गेला. एजन्सी म्हणाली, माणसं देतो, पण गेटवर बदली लावावी लागेल, त्यामुळे येणाऱ्यांचा त्या दिवसाचा पगार कापू. साहेब म्हणाले, "कापा. देशासाठी एवढं करतील ती पोरं." एजन्सी कुणाची, हे साहेबांनी विचारलं नाही. तिकीट मिळालेल्या समाजसेवकाच्या मेव्हण्याची.