टायर कसा निवडावा (आणि तोवर कसा टाळावा)

मोटारसायकल घेताना माणूस हव्या त्या रंगासाठी महिनाभर थांबतो. नंबरप्लेटच्या वर ‘आईचा आशीर्वाद’ लिहायचं की ‘आई-बाबांचा’, यावरून घरात दोन तट पडतात. टायर मात्र गाडीबरोबर न निवडता येतात आणि काही वर्षांनी न विचारता संपतात. मग निवडायची वेळ आली की भलाभला माणूस गांगरतो. अशांसाठी ही मार्गदर्शिका. लेखकाची पात्रता: चौदा वर्षं जुनी एक पल्सर, आजवर बदललेले पाच टायर आणि त्यांत केलेल्या तीन चुका.

पायरी पहिली: टायर संपलेला नाही असं ठरवणं

टायर संपला हे ओळखायची सोय कंपनीनेच करून ठेवलेली असते. खोबणीच्या तळाशी रबराचे बारीक उंचवटे असतात आणि ते नेमके कुठे आहेत हे दाखवायला कडेवर ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो. नक्षी झिजून त्या उंचवट्यांना टेकली, की टायरने आपलं काम केलं. ही खूण पाहायला खाली वाकावं लागतं. म्हणून वाकू नये.

मागचा टायर बहुधा आधी जातो. इंजिनाची ओढ त्याच्यावर, मागे बसणाऱ्याचं वजनही त्याच्यावरच. तो गोटा झाला की मित्र टोचायला लागतात. त्यांना शांतपणे सांगावं, ‘मोटोजीपीत गुळगुळीत टायरच वापरतात.’ हे शंभर टक्के खरं आहे. कोरड्या रस्त्यावर खोबणी नसली तर उलट जास्त रबर टेकतं. पाऊस सुरू झाला की तिथले स्वार पिटात शिरून खोबणीचे टायर लावलेल्या दुसऱ्या गाडीवर बसतात, हा उत्तरार्ध मात्र सांगू नये. तो आषाढात ताम्हिणी घाटात आपोआप कळतो.

दसऱ्याला गाडी चकाचक धुवावी, हँडलला झेंडूचा हार घालावा, चाकाखाली लिंबू ठेवावं. लिंबावरूनच चाक घसरलं, तर पुढच्या पायरीकडे वळावं.

पायरी दुसरी: सल्लागार मंडळ नेमणं

किमान पाच जणांना विचारावं. त्यांतल्या दोघांकडे गाडी नसावी, म्हणजे मतं ठाम मिळतात. एक काका हवेतच. ‘आमच्या लुनाला एकच टायर अकरा वर्षं पुरला,’ असं ते सांगतील. लुना त्यांतली किती वर्षं जिन्याखाली उभी होती, हे काकूंना विचारू नये.

मंडळात कंपन्यांवर चर्चा होणारच, तेव्हा थोडी तयारी असावी. माझ्या पिढीला एमआरएफ ही बॅटची कंपनी वाटायची. सचिनच्या बॅटवर ती तीन अक्षरं होती, म्हणून आम्ही आमच्या फळकुटांवरही ती स्केचपेनने काढायचो. पुढे कळलं की ही मद्रास रबर फॅक्टरी, आणि १९४६ साली तिची सुरुवात झाली ती खेळण्यातले फुगे बनवण्यापासून. सिएट हे नाव भांडुपच्या कारखान्यामुळे आपल्याला घरचं वाटतं, पण मुळात ती इटलीतल्या तोरिनो शहरात विजेच्या केबल बनवणाऱ्या कंपनीच्या नावाची आद्याक्षरं. या माहितीचा टायर निवडायला काडीचा उपयोग नाही. पण तेवढ्यात काका गप्प बसतात.

पायरी तिसरी: पत्रिका वाचणं

टायरच्या कडेवर त्याची पत्रिका छापलेली असते. माझ्या मागच्या टायरची अशी: १००/९०-१७ एम/सी ५५पी. पहिला आकडा रुंदीचा, १०० मिलिमीटर. दुसऱ्या आकड्यावर निम्मा महाराष्ट्र फसतो. ते ९० मिलिमीटर नव्हेत, रुंदीच्या ९० टक्के उंची. आमच्या टायरला दोन्ही एकच पडतं, म्हणून मी दहा वर्षं चुकीचा असूनही बरोबर होतो. १७ म्हणजे रिमचा व्यास, तोही इंचांत. रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची टक्क्यांत आणि व्यास इंचांत! तीन पिढ्यांचं एकत्र कुटुंब एका ओळीत नांदतं आहे. ‘एम/सी’ म्हणजे हा मोटारसायकलचा टायर, गैरसमज नको.

उरलं ५५पी. पंचावन्न हा भाराचा अंक, पंचावन्न किलो नव्हे. त्याचा अर्थ, हा एक टायर जास्तीत जास्त २१८ किलो पेलेल. दोघं मोठी, मधे पोर, पाठीला लॅपटॉप आणि टाकीवर तांदळाचं पोतं घेऊन निघताना ही बेरीज करावी. ‘पी’ म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग. आमची गाडी त्या वेगाला जाईल का, यावर मी आणि माझा मेकॅनिक यांच्यात जुना मतभेद आहे. सायंकाळी सहाला कर्वे रस्त्यावर तो मिटवता येत नाही.

पत्रिका जुळवण्याचा नियम सोपा. जुन्या टायरवर किंवा पुस्तिकेत जे लिहिलंय तेच माप घ्यावं, भाराचा अंक आणि वेगाचं अक्षर त्याहून कमी नसावं. हे इतकं सोपं असल्यामुळे कुणी करत नाही.

पायरी चौथी: जाडीच्या मोहात पडणं

सिग्नलला शेजारी एखादी मोठी गाडी उभी राहते. तिच्या मागच्या टायरकडे नजर जाते आणि आपला टायर उपाशी वाटू लागतो. मग दुकानात जाऊन म्हणावं, ‘१४० बसेल का?’ उत्तर नेहमी येतं, ‘बसवला तर बसेल.’

बसतो, पण कसा? चौतीस कंबरेच्या माणसाने बेचाळीसची पँट पट्ट्याने आवळावी तसा. अरुंद रिममध्ये रुंद टायरच्या कडा आत ओढल्या जातात आणि मधला भाग फुगून वर येतो. पैसे मोजलेल्या रबराचा बराचसा भाग रस्त्याला शिवतच नाही. गाडी वळणावर जड होते, टायर चेनला किंवा मडगार्डला घासतो, ॲव्हरेज घसरतो. इंजिन आहे तेवढंच राहतं. माझ्या तीन चुकांपैकी पहिली ही. कॉलनीतल्या पोरांनी मात्र दोन दिवस कौतुक केलं, ते हिशेबात धरावं.

पायरी पाचवी: स्वभाव जुळवणं

रबर दोन स्वभावांचं असतं. कडक रबर पुष्कळ चालतं, पण ओल्या रस्त्यावर हात सोडतं. मऊ रबर रस्त्याला धरून राहतं आणि धरून राहता राहता झिजतं. दोन्ही गुण पुरेपूर असलेला टायर मागणाऱ्याला दुकानदार नाही म्हणत नाही, फक्त किंमत सांगतो.

नक्षीचं काम पाणी बाजूला सारायचं. पण आपण ती साडीच्या काठासारखी निवडतो. मी एकदा बटण टायर घेतले, लडाखला जायचं म्हणून. लडाख राहिलं. ते टायर चार वर्षं डांबरावर घूंऽऽ आवाज करत कोथरूड ते हिंजवडी फिरले. ही दुसरी चूक.

ट्यूबलेसचंही तेच. खिळा घुसला तरी हवा हळूहळू जाते, घर गाठता येतं, म्हणून ट्यूबलेस उत्तमच. पण तारांच्या साध्या रिममध्ये हवा प्रत्येक तारेच्या मुळाशी वाट शोधते. तिथे ट्यूबच हवी. अलॉय असेल तरी ती ट्यूबलेससाठी बनवलेली आहे ना, हे पाहावं.

पायरी सहावी: दुकानात जाणं

आमच्या नाक्यावरचे पंक्चरवाले केरळचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. तिकडे चेट्टन म्हणतात, हे त्यांनी वीस वर्षं आम्हाला न सांगता सोसलं. मी एका स्वस्त योजनेतला टायर बाहेरून आणून त्यांच्यापुढे टाकला. त्यांनी तो फिरवला आणि कडेवर बोट ठेवलं.

‘साहेब, दुधाची पिशवी घेताना तारीख बघता ना?’

कडेवर चार आकडे होते. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३४१६, म्हणजे २०१६ सालचा चौतिसावा आठवडा. माझा नवा कोरा टायर गोदामात सहा वर्षं बसून वाळला होता. रबर न वापरताही म्हातारं होतं. ही तिसरी चूक, आणि हिच्यात मी घासाघीस करून आणखी शंभर रुपये कमी करून घेतले होते.

‘मग अण्णा, पाहायचं काय काय?’ मी वहीच काढली.

त्यांनी साबणाच्या पाण्यातला हात पुसला आणि पंजा पसरून गाडीच्या चाकाखाली, जमिनीवर टेकवला. ‘एवढं. रस्त्याला एवढंच लागतं. एक पुढे, एक मागे. बाकी सगळी गाडी हवेत.’

पायरी सातवी: बसवल्यानंतर

कडेवर बाण असतो, चाक फिरतं त्या दिशेला तो असावा. नव्या टायरवरच्या रबरी मिशा साच्यातली हवा बाहेर काढणाऱ्या भोकांच्या खुणा आहेत. त्या उपटत बसण्यात एक संध्याकाळ छान जाते. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर मात्र वळणं बेतानं घ्यावीत, चकचकीत रबर जरा घासल्याशिवाय रस्ता धरत नाही. हवा माझ्या गाडीला पुढे २५, मागे एकट्याला २८ आणि दोघांना ३२ पीएसआय. तुमची तुमच्या पुस्तिकेत आहे. नायट्रोजन भरायचा आग्रह झाला तर नम्रपणे सांगावं, साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के तोच असतो, उरलेल्या बावीससाठी थांबायला वेळ नाही.

जुना टायर गच्चीत ठेवू नये. पावसाचं पाणी साठून डेंग्यूच्या डासांचं पाळणाघर होतं.

तळहातावर शिर घेऊन लढणाऱ्यांच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलो. रोज सकाळी नऊला आपणही डबा घेऊन तसेच निघतो. तळहात तेवढा रबराचा असतो. पहिल्या पायरीतला सल्ला म्हणून मी मागे घेतो. उद्या किल्ली लावायच्या आधी एकदा वाकून पाहावं.