टॉप मॉडेल लागतं का?

स्टुटगार्ट, रविवार

ती. बाबांस,


तुम्ही पाठवलेला गाडीच्या ब्रोशरचा फोटो मोठा करून वाचला. शोरूमच्या मुलाने टॉप मॉडेलभोवती लाल पेनाने गोल काढलाय आणि शेजारी तुम्ही ‘हे सगळं लागतं का?’ असं लिहिलंय. व्हिडिओ कॉलवर सांगायला गेले की मध्येच आई कॅमेऱ्यासमोर कैऱ्या धरते, म्हणून लेखी उत्तर पाठवतेय.

इथे हा प्रश्न विचारायची सोयच नाही. जुलै 2024 पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीत वेगमर्यादेची सूचना, डुलकीचा इशारा, लेन सांभाळणं, आपोआप ब्रेक हे सगळं कायद्यानेच येतं. आमची गाडी त्यानंतरची, त्यामुळे ती बोलते. हायवेवर बाहेर वळणाऱ्या रस्त्याच्या वेगमर्यादेची पाटी तिला दिसली की आम्ही सरळ जात असलो तरी ठणाणा सुरू. वेगाची ही कटकट बंद करता येते, पण गाडी पुन्हा सुरू केली की तीही पुन्हा चालू व्हायलाच हवी, असा नियम आहे. त्यामुळे रोज सकाळी तुमचे जावई आधी गाडी सुरू करतात आणि मग तिचं तोंड बंद करतात. प्रवासात चिवडा खाताना ते स्टीअरिंग एका हाताने धरतात. गाडीला ती पेंग वाटते. समोर कॉफीच्या कपाचं चित्र उगवतं आणि विश्रांती घ्या असा सल्ला मिळतो. चिवडा खाणारा माणूस किती जागा असतो, हे जर्मन इंजिनिअरला कोण सांगणार?

आता आपल्या सुरतेचं बघू. तुमच्या ब्रोशरातला ‘एडास’ म्हणजे यातलंच बरंचसं. त्यातला क्रूझ कंट्रोल पुढच्या गाडीपासून सुरक्षित अंतर ठेवतो. रिंग रोडवर कापड मार्केटसमोर तुम्ही हे अंतर ठेवून दाखवा. त्यात आधी रिक्षा शिरेल, मग अ‍ॅक्टिव्हा, मग डोक्यावर ताके घेतलेला माणूस. गाडी प्रत्येकाला अदबीने जागा देत बसेल आणि तुम्ही उधना दरवाज्याला पोचाल तेव्हा दुकानं बंद झालेली असतील. लेन सांभाळणारं यंत्र तर पांढरे पट्टे शोधतं. पट्टे असले तरी तुम्ही सिग्नल न देता खड्डा चुकवलात की ते स्टीअरिंग परत खड्ड्याकडे ओढणार. आपोआप ब्रेक चांगलाच आहे, पण गाईसमोर आपली गाडी जागच्या जागी थांबली, हे मागून येणाऱ्या टेम्पोला कोण कळवणार?

सनरूफ मात्र साफ नको. मे महिन्यात सुरतेत डोक्यावर काच कशाला हवी? आणि उत्तरायणात पतंग बघायला नातवंडं त्यातून मुंडी बाहेर काढणार, हे तुम्हालाही माहीत आहे. सुरती मांजा गळ्याला काय करतो तेही माहीत आहे. त्या दिवसांत दुचाकीवाले हँडलला तारेची कमान लावून फिरतात आणि आपण पोराचं डोकं जास्तीचे पैसे मोजून बाहेर काढायचं?

मोठ्या टचस्क्रीनला भुलू नका. 2022 मध्ये स्वीडनच्या एका मोटार मासिकाने ताशी 110 किलोमीटरच्या वेगात चालकांना एसी, रेडिओ अशी साधी कामं करायला लावली. 2005 ची बटणांची जुनी व्होल्वो दहा सेकंदांत मोकळी झाली. एका नव्या टचस्क्रीनवाल्या गाडीला त्याच कामांना पाऊण मिनिट लागलं, म्हणजे तेवढ्यात एक किलोमीटरहून जास्त रस्ता मागे पडला. गाड्यांना सुरक्षेचे गुण देणाऱ्या युरो एनकॅपच्या 2026 पासूनच्या नियमांतही इंडिकेटर, वायपर, हॉर्नला खरी बटणं नसतील तर गुण कापले जातात. ज्या गाडीत एसीला फिरवायचं बटण आहे, ती तुमची.

गंमत सांगते. 2022 मध्ये बीएमडब्ल्यूने काही देशांत सीट गरम करायचं मासिक भाडं लावलं होतं, जर्मनीत महिन्याला 17 युरो. सीटखालची तार आधीच बसवलेली, पैसे फक्त ती चालू करायचे. लोकांनी इतकं हसं केलं की पुढच्या वर्षी कंपनीने तो नाद सोडला. सुरतेत गाडी दुपारी उन्हात लावली की ही सेवा फुकट मिळते. थंड हवेच्या सीटला मात्र माझी हरकत नाही. पॉलिएस्टरचे शर्ट घालणाऱ्यांच्या गावात तिच्याइतकं उपयोगी काही नाही. 360 कॅमेराही घ्या, अडाजणच्या पार्किंगमधला तो खांब अजून तिथेच आहे.

आणि पलसाणा ओलांडून मुंबईच्या रस्त्याला लागलात की मी वर लिहिलेलं थोडं विसरा. तिथे रात्री बंद पडलेला ट्रक दिवा न लावता उभा असतो, तिथे आपोआप ब्रेकचे पैसे वसूल होतात. एअरबॅगा आणि गाडी घसरू न देणारी ईएससी यांच्यावर घासाघीस नको. पण याच रस्त्यावर, पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर, 4 सप्टेंबर 2022 ला उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. गाडी महागातली होती. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावले नव्हते आणि ते दोघेच वाचले नाहीत. मागच्या सीटचा पट्टा तर सगळ्यात स्वस्त मॉडेलातही येतो. आपल्याकडे तो खोचायचा सोडून पट्ट्याचा आवाज बंद करणाऱ्या क्लिपा विकल्या जायच्या. मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांना त्या काढायला लावल्या. काकांच्या गाडीत अजून एक आहे. जाल तेव्हा काढून खिशात घाला, मी सांगितलं म्हणू नका.

म्हणून शोरूममध्ये आईला मागे बसवा, मधल्या जागेवर. तिथला पट्टा खांद्यावरून येतो की नुसता कमरेचा, ते बघा. कमरेचाच असेल तर वरच्या मॉडेलमध्ये काय आहे ते विचारा आणि त्यासाठी खुशाल जास्त पैसे द्या. मुलगा सनरूफ उघडून दाखवायला लागला तर त्याला म्हणावं, बंद कर, एसी चालू आहे.

तुमची,
धाकटी

ता. क. चिरंजीवांचं म्हणणं, आजोबांनी सनरूफ घेतलाच पाहिजे. त्यांना उत्तरायणाला सुरतेला यायचंय. तिकीट काढायच्या आधी आजोबांनी नकार कळवावा.