अनुमानाची शिस्त
अमेरिकेतील विधिमहाविद्यालयांच्या उंबरठ्यावर १९४८ पासून ठाण मांडून बसलेली एलसॅट ही प्रवेशपरीक्षा ३५ मिनिटांत चार उतारेसंच उरकावयास लावून विचारते की, यावरून काय अनुमान निघते. आणि उताऱ्यात 'काही न्यायाधीशांनी पूर्वनिर्णय डावलले' एवढेच असता जो 'बहुतेक न्यायाधीश बेपर्वा असतात' या ठसकेबाज पर्यायावर भाळतो, त्याचा गुण गेलाच म्हणून समजावे. बरोबर उत्तर बहुधा 'सर्वच न्यायाधीशांनी पूर्वनिर्णय प्रमाण मानले असे नाही' इतके बेचव, हुज्जतीस जागाच न ठेवणारे असते. मजकुराबाहेर पाऊल टाकू नये ही ताकीद इमानेइतबारे पाळून जो पुढे वकिलीची सनद मिळवितो, तोच मग ज्यूरीपुढे अशिलाच्या एका सुस्काऱ्यावरून त्याचे संपूर्ण निर्दोषत्व सिद्ध करू पाहतो, आणि त्याचा मेहनताना तासाच्या हिशेबाने वसूल करतो.